खोली

साकोलीच्या पुढे आमचा चिचटोला.
तिथून समुद्र कुठल्याही बाजूने सारखाच लांब.
तरी ढिवरटोलीतला दुधराम वलथरे
एका मार्चमध्ये गोंदियाहून विशाखापट्टणमच्या गाडीत बसला,
पायात भावाच्या चपला,
फडक्यात सुकवलेली बारीक मासोळी,
जिच्या वासाने शेजारच्याने जागा बदलली.

बावीस वर्षं.
आधी डेक घासला, मग दोर शिकला, मग तारे,
शेवटी खांद्यावर पट्ट्या आल्या.
आईला, सायत्राबाईला, एवढंच माहीत होतं
की पोरगा मोठ्या बोडीत आहे
आणि तिथलं पाणी धानाला चालत नाही.

सुट्टीवर आला की पाळीवर बसून
एकच पुतळा सांगायचा.
इटलीच्या कुठल्याशा बंदरात जहाज तीन दिवस थांबलेलं.
चौकात काशाचा एक दाढीवाला,
शंभर-दीडशे वर्षांमागचा, आरमारातला कप्तान.
लढाईत जहाज घालवलं, मग मंत्री झाला,
आणि बुडालेल्याच्या तिप्पट लोखंडाची जहाजं बांधवली.
नाव वाचता आलं नाही, अक्षरांवर कबुतरं बसली होती.
"पन तोंड कुठं होतं, मालूम? कचेरीकडं.
समुद्राकडं पाठ."
आम्ही हसायचो. शिंगाडे सोलायचो.

नोकरी संपवून आला आणि उभा राहिला. निवडून आला.
राज्यमंत्री, मत्स्यव्यवसाय. चौदा महिने.

मी मच्छीमार संस्थेचा सचिव.
तलावाच्या ठेक्याची फाईल काखेत मारून
हिवाळी अधिवेशनात नागपूरला गेलो,
पहाटेच्या एसटीने, कानाला मफलर.
त्याच्या खोलीबाहेर बाक. बाकावर मी साडेपाच तास,
शेजारी काटोलचा कुणी, मांडीवर संत्र्याची पेटी.
दार उघडलं तेव्हा त्याने आधी मला ओळखलं,
मग फाईल ओळखली,
आणि विचारलं, "पानी किती हाये?"
मी म्हटलं, साहेब, ते मोजलं नाही.
"मोजलं नाही," तो म्हणाला, एकदम शहरी मराठीत,
आणि चहा मागवला.

आदेश मार्चात निघाला. लिलाव खुला.
खाली त्याची सही, तारखेशेजारी वेळही,
जहाजावरच्या नोंदवहीची सवय:
सोळा वाजून दहा मिनिटं.
तलाव तुमसरच्या ठेकेदाराकडे गेला.
टोलीतल्या चाळीस घरांनी डोंगे उपडे घातले.
सायत्राबाई तोवर वारली होती, ते एक बरं.

पुढची निवडणूक तो हरला.
लोक म्हणाले, नागपुरातच राहील, बंगला आहे.
तो आला ते पोत्यात दोर घेऊन.
दर हाताला गाठ, दर वावेला लाल चिंधी,
टोकाला शिशाचा गोळा.
कुणी बोललं नाही त्याच्याशी.
फागोजीची म्हातारी तर पायाजवळ थुंकली.
तो तुडुमावर उभा राहिला, दोर सोडला,
ओल्या गाठी बोटांनी मोजल्या,
वही काढली.
रोज संध्याकाळी. दोन वर्षं, सात महिने.

माफी मागितली का? मला तरी आठवत नाही.
एकदा फक्त म्हणाला,
"जहाजावर चार-चार घंट्यानं सही कराव लागे,
मी का केलो त्याची.
तिथं मंग दुसऱ्यानं केल्याची."
आणि मरळ का कमी झाली यावर बोलत बसला,
काठच्या बेशरमीवर,
अंधार पडेस्तोवर.

आता तो नाही.
ग्रामपंचायत पुतळ्याची वर्गणी मागत फिरते.
मी शंभर रुपये दिले,
तोंड कुठे करणार ते विचारलं नाही.
पाणी अजून ठेकेदाराचंच आहे.
दोर संस्थेच्या कपाटात असतो,
शिसं एका बाजूने झिजलंय.
वहीत माझं अक्षर त्याच्यापेक्षा वाईट:

दिनांक नऊ. सतरा वाजता.
दीड वाव, खाली गाळ हातभर.
वारा पूर्वेचा. शिंगाडा लागला.
मोजणारा, सोविंदा नान्हे.